व्यवसायाचा रकाना

अहमदनगर
६ डिसेंबर १९४८

प्रिय दयाताई,

सप्रेम सलाम.

एक आनंदाची बातमी. जिल्ह्याचे क्रीडा मंडळ स्थापन झाले आणि तुझ्या मामेभावाला त्याचा सहचिटणीस केले. अध्यक्ष आप्पासाहेब वकील. बाकी सभासद मोठे लोक आहेत. कवायतमास्तर मी एकटाच. त्यामुळे काम माझ्याकडे आणि सह्या त्यांच्याकडे.

जानेवारीत पहिले सामने भरतील. त्याआधी कशाला खेळ म्हणायचे आणि कशाला नाही, हे ठरवायला आम्ही तीन संध्याकाळी बसलो. हसू नकोस. कोणी बैलगाड्यांच्या शर्यती मागत होते, कोणी विहिरीत सूर मारणे. एकाने तर पतंगाचाही आग्रह धरला. शेवटी व्याख्या केली. ज्यात कौशल्य आहे, चढाओढ आहे, नियम आहेत आणि ज्यावर माणसाचे पोट चालत नाही, तो खेळ. शेवटचा भाग माझा. आप्पासाहेबांनी तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यात सगळं आलं."

धावणे, उड्या, गोळाफेक, कुस्ती, खो-खो, हुतुतू, आट्यापाट्या आणि रस्सीखेच घेतले आहेत. स्त्रियांसाठी लिंबू-चमचा, सुईदोरा आणि संगीत खुर्ची. तुमच्या बाजूने एकही नाव आलेले नाही. जामखेडच्या पलीकडे माणसे राहतात हे मंडळाला दिसू दे. चारदोन मुली पाठव.

तुझा,
याकोब

*

खैरमाळ
११ डिसेंबर १९४८

प्रिय याकोब,

सलाम.

तुझं पत्र काल सव्वानऊला मिळालं. अभिनंदन.

मुली पाठवणार नाही. इथल्या मुली सकाळी डोक्यावर दोन आणि कमरेवर एक घागर घेऊन ओढ्याचा चढ चढतात आणि पाणी सांडत नाहीत. त्यांना चमच्यात लिंबू घेऊन चालायला नगरला नेलं, तर त्या मला विचारतील की बाई, ह्यात काय करायचं असतं. 

पण धावणं घेतलं आहेस, तर एक माणूस आहे. तुझं पत्र त्यानेच आणलं. कानिफनाथ आमचा टपालरनर. जामखेडहून सकाळी आठला टपालाची पिशवी खांद्यावर टाकतो आणि साडेसात मैल पळत इथे येतो. दुपारी तसाच परत, आणि रात्री तिथल्याच पोस्टाच्या ओसरीवर झोपतो. त्याच्या काठीला घुंगरू आहेत. शाळेत घड्याळ आहे, पण गाव घुंगरांवर चालतं. ते वाजले की बायका न्याहारी बांधून रानाकडे निघतात. बारा वर्षांत एकदाही त्यांची भाकरी मागे-पुढे झाली नाही.

दहा मैलांची शर्यत असेल तर कळव.

तुझी ताई,
दया

*

अहमदनगर
१७ डिसेंबर १९४८

प्रिय दयाताई,

सप्रेम सलाम.

लिंबाचा राग माझ्यावर काढलास. असू दे.

दहा मैलांची शर्यत आहे आणि तीच मुख्य आहे. शनिवार, २२ जानेवारी. भिंगारहून जामखेडच्या रस्त्याने पाच मैल जायचे आणि परत यायचे. पहिला येईल त्याला कप, आणि मंडळ स्वखर्चाने त्याला फेब्रुवारीत पुण्याच्या मोठ्या शर्यतीला पाठवणार. तुझ्या रनरला अवश्य पाठव. आमच्या शाळेचा डेव्हिड धावतो आहे. मी दोन वर्षे त्याला तयार केले आहे. त्याला जरा जोड मिळेल.

सोबत अर्ज आहे. एकही रकाना रिकामा ठेवू नकोस आणि सगळे खरे लिही. आप्पासाहेब कागदाच्या बाबतीत कडक आहेत.

नाताळच्या शुभेच्छा. करंज्या पाठवणार असशील तर टपालाने नको. मागच्या वेळी भुगा आला होता. तुझा रनर फार जोरात पळत असावा.

तुझा,
याकोब

*

खैरमाळ
२९ डिसेंबर १९४८

प्रिय याकोब,

सलाम.

अर्ज भरून पाठवते आहे. कानिफनाथने अंगठा न लावता सही केली आहे. त्याला सही येते हे मलाही नवीन होतं.

त्याला समजावणं सोपं गेलं नाही. शाळेच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, तितं पळून काय पोचवायचं?"

मी म्हटलं, "काही नाही. नुसतं पळायचं."

"आन् परत यायचं?"

"परत यायचं."

"मंग गेल्तो कशाला?"

त्याची आई साळूबाई शेजारी शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "अरं, शेरातली मान्सं हायती. त्येनला कामं न्हाईत. जा की."

मग मी त्याला सांगितलं की आणखी पंधरावीस जण बरोबर पळतील.  तेव्हा म्हणाला, "आजवर माझ्यासंगं कुनी पळालंच न्हाई. कुत्री पळत्यात, ती बी वेशीपातूर." आणि पुण्याचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "पुन्याला आपल्याहून कोन पळतंय, त्ये बघाया पायजे."

एक अडचण आहे. खांद्यावर वजन नसलं की त्याचे पाय भरकटतात. त्याने मला शाळेपुढे पळून दाखवलं. रिकामा पळाला तर खरंच एका अंगाला झुकतो. बारा वर्षं डाव्या खांद्यावर पिशवी आहे. वजन घेऊन पळायला नियमाची आडकाठी आहे का, ते बघ.

त्या दिवशी त्याचा भाऊ गोरक्षनाथ बदलीवर टपाल आणेल. जामखेडच्या पोस्टमास्तरांनी परवानगी दिली आहे. असंही एप्रिलपासून टपाल सर्व्हिस मोटारीने येणार आणि कानिफनाथला रजा मिळणार आहे, कायमची. तेव्हा ह्या शर्यतीवर त्याचं लक्ष लागलं आहे. तो बोलून दाखवत नाही, मी दाखवते.

करंज्यांचा भुगा झाला, तो तुमच्या नगरच्या पोस्टात.

तुझी ताई,
दया

*

अहमदनगर
२५ जानेवारी १९४९

प्रिय दयाताई,

सप्रेम सलाम.

कानिफनाथ घरी पोचला असेल आणि त्याने सांगितले असेल, तरी मंडळातर्फे कळवणे माझे काम आहे.

शर्यतीत तो पहिला आला. मात्र शर्यतीनंतर त्याच्या नावावर हरकत घेण्यात आली. त्याच्या अर्जातील व्यवसायाच्या रकान्यात 'टपालखात्यात धावक. रोज पंधरा मैल धावतो' असे लिहिलेले आहे. ज्याचे पोट धावण्यावर चालते, त्याचे धावणे व्याख्येप्रमाणे खेळ ठरत नाही. मंडळाने एकमताने त्याचे नाव रद्द केले. दुसरा आलेल्या डेव्हिडला कप देण्यात आला.

नियम सर्वांना सारखे आहेत. कानिफनाथने काही तक्रार केली नाही. त्याला येण्याजाण्याचे भाडे दिले आहे.

तुझा,
याकोब

*

खैरमाळ
२९ जानेवारी १९४९

याकोब,

कानिफनाथने मला काहीच सांगितलं नव्हतं. रविवारी आला, सोमवारी पिशवी उचलली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "पळालो." मी समजले, हरला असेल. हरलेल्या माणसाला फार विचारू नये म्हणून चार दिवस गप्प बसले. मग तुझं पत्र आलं. ते त्यानेच आणून दिलं, आणि मी फोडेपर्यंत उभा राहिला.

मी वाचलं आणि म्हटलं, "अरे, तू पहिला आलास!"

"व्हय."

"मग बोलला का नाहीस?"

"त्ये म्हनले, आलो न्हाई म्हनून."

आता शर्यत कशी झाली ते मला त्याच्याकडून कळलं. तू मंडळातर्फे कळवलं नाहीस ते मी कळवते. निघताना त्याने वाटेतले दोन दगड उचलले, उपरण्यात बांधले आणि डाव्या खांद्यावर टाकले. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "पाटा-वरवंटा घेऊन निघालास काय रं?" तुम्ही त्याला अडवलं नाही, कारण वजन घेऊन पळू नये असा नियम करणं तुम्हाला सुचलं नव्हतं. पाच मैलांवर तो एकटाच पुढे होता. परतताना समोरून तुझा डेव्हिड आला. कानिफनाथला वाटलं, पोरगं आपल्यासंगं पळायला आलं आहे. तो थांबला. शर्यतीत थांबला! डेव्हिड वळून येईपर्यंत वाट पाहिली आणि मैलभर त्याच्याबरोबर पळाला. "बूट घालून लई ग्वाड पळतं, बाई," म्हणाला. मग त्या मुलाचा दम गेला, तेव्हा हा पुढे आला. तरी सात मिनिटं आधी.

त्या रकान्यातलं अक्षर माझं आहे. तू सगळं खरं लिही म्हणालास, मी लिहिलं. मला वाटलं, तुम्ही ते वाचून खूश व्हाल. रोज पंधरा मैल धावणारा माणूस धावण्याच्या शर्यतीला मिळाला, म्हणून. माझ्या हाताने त्याचं नाव कापलं गेलं हे मी विसरणार नाही, आणि तुलाही विसरू देणार नाही.

मला सांग. तुमच्या कुस्तीत पहिला आलेला पैलवान तालमीत राहतो. त्याचं दूध, बदाम आणि लंगोटसुद्धा दुसऱ्याच्या पैशाचा असतो. त्याचं पोट कशावर चालतं? रस्सीखेच पोलिसांनी जिंकली. ते कवायत पगारावर करतात की हौसेने? आणि शिक्षकांच्या शर्यतीत तू तिसरा आलास असं कानिफनाथ सांगतो. तुला पोरांना पळवायचा पगार मिळतो. तू पळालास तो खेळ, आणि तो पळाला तो धंदा. हे कोणत्या संध्याकाळी ठरवलंत?

दया

*

अहमदनगर
७ फेब्रुवारी १९४९

प्रिय दयाताई,

सप्रेम सलाम.

तू रागावली आहेस. मी थांबून, विचार करून लिहितो आहे.

पैलवानाला खुराक मिळतो, पगार नाही. पोलिसाला पगार बंदोबस्ताचा, दोर ओढण्याचा नाही. मला पगार शिकवण्याचा, धावण्याचा नाही. कानिफनाथला मात्र पगार धावण्याचाच आहे. हा भेद बारीक वाटेल, पण भेद आहे. व्याख्या म्हटली की कोणीतरी रेषेच्या बाहेर राहतोच. उद्या भोई डोली उचलण्याच्या शर्यतीत उतरला, तर त्याच्यापुढे विद्यार्थी काय करणार? खेळ हा फावल्या वेळाचा. जो तेच काम दिवसभर करतो, त्याच्याशी सामना बरोबरीचा होत नाही.

डेव्हिडही गरिबाचाच मुलगा आहे. वडील राहात्याला बाजारात हमाली करतात. त्यालाही पुण्याला जायची संधी पहिल्यांदाच मिळते आहे. तू एकाच माणसाकडे पाहतेस. मला सगळ्यांकडे पाहावे लागते.

लहानपणी माझी गोष्ट खोटी निघाली तरी तू आधी माझे ऐकून घ्यायचीस.

तुझा,
याकोब

*

खैरमाळ
१४ फेब्रुवारी १९४९

याकोब,

तुझं ऐकून घेतलं. मग शनिवारी छकड्यात बसून जामखेडला गेले. जाऊन-येऊन सगळा दिवस गेला.

कानिफनाथला पगार कशाचा मिळतो, हे मला पाहायचं होतं. पोस्टमास्तर भले गृहस्थ आहेत. त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. जामखेड ते खैरमाळ, साडेसात मैल. सुटण्याची वेळ आठ, पोचण्याची साडेदहा. अडीच तास. म्हणजे तासाला तीन मैल. मी विचारलं, "ह्या वेळेत पोचायला पळावं लागतं?"

ते हसले. "बाई, ह्या वेळेत माझी सासू पोचेल. हा चालण्याचा हिशेब आहे. रनर हे नुसतं हुद्द्याचं नाव."

"पण तो सव्वानऊला येतो."

"येतो खरा. आम्ही मात्र पोचल्याची वेळ साडेदहाच लिहितो. तक्त्याच्या आधी टपाल पोचलं असं लिहायची सोय नाही."

त्यांनी हे सगळं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. कागद सोबत आहे. आता तुझी व्याख्या काढ. खातं त्याला चालण्याचा पगार देतं. पळणं त्याने स्वतःहून केलं. बारा वर्षं, रोज, कोणी न सांगता, आणि त्याचा एक पैसा कधी घेतला नाही. ह्याहून हौशी माणूस तुमच्या मंडळाने पाहिला असेल, तर मला दाखव.

मी परत आल्यावर त्याला विचारलं, "कानिफनाथ, चालत आलं तरी चालतं, हे तुला ठाऊक होतं?"

"व्हय की. पैल्याच दिशी सांगितलं हुतं."

"मग पळतोस कशाला?"

त्याने बराच वेळ काठीचं टोक मातीत फिरवलं. मग म्हणाला, "बरं वाटतं."

हे मंडळापुढे ठेव. त्याला पुण्याला जायचं आहे. अजून वेळ आहे.

दया

*

अहमदनगर
५ मार्च १९४९

प्रिय दयाताई,

सप्रेम सलाम.

उत्तराला उशीर झाला. मंडळाची सभा कालच भरली. पुण्याची शर्यत २७ फेब्रुवारीला झाली. डेव्हिड गेला होता. चौदावा आला.

पोस्टमास्तरांचा कागद मी स्वतः वाचून दाखवला. त्यावर मंडळाचा निर्णय असा.

एक. खात्याच्या कागदाप्रमाणे कानिफनाथ धावत नसून चालतो. मग अर्जात 'रोज पंधरा मैल धावतो' असे लिहिले आहे ते खोटे ठरते. खोटी माहिती दिलेला अर्ज आपोआप रद्द होतो. अर्ज खरा मानला तर तो धंदेवाईक ठरतो, आणि खात्याचा कागद खरा मानला तर अर्ज खोटा ठरतो. दोन्हीकडून नाव राहत नाही.

दोन. पुढील महिन्यापासून त्याची नोकरी राहणार नाही असे समजते. त्यानंतर त्याला पगार नसल्याने पुढल्या वर्षी नवा अर्ज आल्यास मंडळ सहानुभूतीने विचार करील.

आप्पासाहेब म्हणाले, "नोकरी गेली की त्याचा मार्ग मोकळाच आहे." सभेत कोणी हसले नाही. मीही काही बोललो नाही.

तुझा,
याकोब

*

खैरमाळ
१२ मार्च १९४९

याकोब,

तुझं पत्र मी कानिफनाथला सगळं वाचून दाखवलं. दोन्ही कलमं. दुसरं कलम त्याने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "म्हंजी, पोटाला मिळतंय तवर पळायचं न्हाई."

मी पत्राची घडी घातली. मी रोज चाळीस मुलांना बरोबर-चूक शिकवते.

तुमच्या सभेत सगळे शिकलेले होते. त्यातल्या एकालाही वाटलं नाही की, माणसाला उपाशी राहायला सांगून त्याचा मार्ग मोकळा झाला असं म्हणू नये? वकिलाचं जाऊ दे, त्याला त्याचेच पैसे मिळतात. तू तिथे होतास. तुझ्या शिक्षणासाठी तुझ्या आत्याने, माझ्या आईने, पाटल्या मोडल्या, आणि त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला की असं पत्र शुद्ध लिहिता आलं.

मला एकच विचारायचं आहे. तू लिहिलं होतंस, 'हरकत घेण्यात आली.' कोणी घेतली?

हल्ली टपाल उशिरा येतं. दहा वाजून जातात. गावाची न्याहारी बिघडली आहे. कानिफनाथला विचारलं तर नुसता हसतो. पायाला काही झालं असेल, तर तो मला सांगणार नाही.

दया

*

अहमदनगर
२८ मार्च १९४९

ताई,

दोन आठवडे हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे.

हरकत मी घेतली.

शर्यत संपली तेव्हा लोकांनी कानिफनाथला खांद्यावर घेतलं होतं. तो ओरडत होता, "आरं, दगडं खाली ठिवू द्या आदी!" आणि लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. डेव्हिड सात मिनिटांनी आला आणि गवतात पडला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. दोन वर्षं पहाटे मी त्याच्या मागे सायकल घेऊन फिरलो होतो. माझ्या हातात अर्जांची चळत होती. वरचाच कागद तुझ्या अक्षराचा होता. तो मी आधीही वाचला होता. तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. त्या क्षणी वाटलं. मी आप्पासाहेबांकडे गेलो आणि रकान्यावर बोट ठेवलं. एवढंच केलं. बाकीचं त्यांनी केलं.

नंतर मला पटलंही, की नियम खरोखर तसाच आहे. मीच तो लिहिला होता ना. तुला उत्तरं लिहिताना तर आणखी पटत गेलं.

डेव्हिडने त्याच संध्याकाळी कप परत आणला. म्हणाला, "सर, ते माझ्यासाठी थांबले होते." मी त्याला सांगितलं, नियम म्हणजे नियम, आणि कप त्याच्या पेटीत परत ठेवायला लावला. पुण्याहून आल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही. पळतही नाही.

मी मंडळाचा राजीनामा देऊ शकतो. पण त्याने काय होईल? त्याऐवजी एक करता येईल. मी आप्पासाहेबांना विचारलं आहे. कानिफनाथला मंडळाचं एक खास प्रमाणपत्र देता येईल, 'उत्तम चालण्याबद्दल'. तेवढ्याला ते तयार आहेत. तू म्हणशील तसं करतो.

तुझा,
याकोब

*

खैरमाळ
२ एप्रिल १९४९

याकोब,

तुझं पत्र परवा मिळालं, ३१ तारखेला. कानिफनाथच्या पिशवीतलं ते शेवटचं टपाल.

मी वेशीवर जाऊन उभी होते. दहा वाजले, सव्वादहा वाजले. मग माळावर तो दिसला. पाय धड होते. तो चालत होता. रमत-गमत नाही, दमूनही नाही. मोजून टाकल्यासारखं एकेक पाऊल टाकत होता. घुंगरू वाजत होते, पण असे की ते त्याचेच आहेत हे ओळखू येईना. साडेदहाला त्याने पिशवी खाली ठेवली.

मी म्हटलं, "असा रोज चालत येतोस?"

"तुमच्या भावाचं कागूद वाचलं, तवापासनं."

"का रे?"

"पगार चालायचा हाय, बाई. कागदावर तसंच हाय. मंग तसंच करावं." आणि मग म्हणाला, "लई जड जातं. पळन्यापरास जड."

मी तुझं पत्र तिथेच वाचलं. त्याला वाचून दाखवलं नाही. प्रमाणपत्राचं तेवढं सांगितलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. साळूबाई मात्र शिव्या देत होती. त्या मी लिहीत नाही, तुला त्या अंदाजाने येतील.

काल मोटार आली. बाराला आली. सगळं गाव बघायला गेलं होतं.

आज शनिवार. सकाळी मी शाळा उघडत होते आणि घुंगरू ऐकू आले. पूर्वीसारखे. बायका भाकऱ्या बांधता बांधता दारात आल्या. कानिफनाथ माळावरून पळत येत होता. हातात काठी, डाव्या खांद्यावर उपरण्यात बांधलेले दोन दगड. घड्याळात सव्वानऊ. तो पहाटे चालत जामखेडला गेला होता, आणि आठ वाजता पोस्टाच्या दारातून निघाला होता.

गोरक्षनाथ त्याला म्हणाला, "याड लागलं का तुला? टपाल कुटं हाय?"

तो ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, आता कुनी कायबी देत न्हाई. तुमच्या भावाला लिवा. ह्यो खेळ हाय का, म्हनून इचारा."

मी विचारते आहे.

राजीनामा देऊ नकोस. तो दिलास तर तुला बरं वाटेल, आणि तेवढंच होईल. प्रमाणपत्र इथे पाठवू नकोस. ज्या कागदावर तुझा नियम लिहिलेला आहे, तो काढ. त्यातला शेवटचा भाग तुझा आहे. तो तुझ्याच हाताने खोड, आणि खोडलेला कागद आप्पासाहेबांपुढे ठेव. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला, तर दोनदा वाच.

उत्तर टपालाने नको. घेऊन ये. कानिफनाथ उद्यापासून रोज सकाळी आठला जामखेडच्या पोस्टापासून निघणार आहे. डेव्हिडलाही आण. त्याच्याबरोबर पळायला अजून कोणी नाही. मुलाला त्याचे बूट घालू दे. तुला सायकल मिळणार नाही.

दगड इथे पुष्कळ आहेत.

दया